आखाजीची कोय

जनावरांचा डॉक्टर म्हणून मी लिहितो त्या या सदराला आलेलं पत्र असं आहे:

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आमचा बाल्या गावठी कुत्रा आहे, दोन वर्षांचा. वजन चौदा किलो, कापसाच्या काट्यावर केलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या होत्या, घर भरलेलं. रस काढून झाल्यावर भाच्यानं एक कोय बाल्याला चाटायला दिली. मोठी नणंद ओरडली, तसं बाल्यानं घाईघाईनं ती गिळूनच टाकली. दिरानं मोबाइलवर बघून मिठाचं पाणी पाजलं. बाल्या फेस ओकला, पण कोय पडली नाही. नंतर तीन दिवस तो चांगला होता. भाकर खायचा, शेतात मागे मागे यायचा. सासूबाई म्हणाल्या, 'काही व्हत नही, निंघी जाई.' काल रात्रीपासून तीनदा उलटी झाली. पाणीही पोटात टिकत नाही. पण सकाळी थोडी पातळ शी झाली, म्हणजे वाट मोकळी आहे ना? जवळच्या दवाखान्यात ऑपरेशन होत नाही, धुळ्याला न्या म्हणाले. अजून दोन दिवस वाट बघू, की एरंडेल देऊ? घरचे म्हणतात, गावठी कुत्र्यापायी हजारो रुपये घालायचे का? आणि चूक माझीच ना? कोयांची पाटी मीच ओट्याखाली ठेवली होती."

ताई,

तुमच्या पत्राचा फोटो माझ्या मोबाइलवर आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. अशा पत्राला सदरातून उत्तर द्यायचं म्हटलं, तर ते छापून येईस्तोवर कुत्रं जातं. म्हणून तुम्हाला लगेच फोन केला आणि दोनच गोष्टी सांगितल्या: एरंडेल द्यायचं नाही, आणि धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावून आत्ता, रात्रीच निघायचं. तुम्ही निघालात. परवा बाल्याच्या आतड्यातून कोय निघाली. तरी तुमची परवानगी घेऊन पत्र छापतोय, कारण आखाजीपासून आखाडापर्यंत आपल्याकडे घराघरांत कोयांच्या पाट्या भरतात आणि दर साली माझ्याकडे हीच तक्रार येते. सांगायला जरा निवांत वेळही आज मिळालाय.

सगळ्यात आधी त्या पातळ शीबद्दल, कारण तिनं मलाही एकदा फसवलंय. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी शिरपूर भागात होतो. एका शेतकऱ्यानं कुत्री आणली. दाणे काढून टाकलेलं मक्याचं कणीस तिनं खाल्लं होतं. दोन उलट्या झालेल्या, आणि सकाळी पातळ शी. बाहेर म्हशींची रांग लागलेली. मी घाईत पोट चाचपलं, म्हटलं वाट मोकळी आहे, आणि पावडरच्या पुड्या देऊन घरी पाठवलं. पाचव्या दिवशी ती मेली. पोट मीच उघडून पाहिलं. कणसाचा तुकडा छोट्या आतड्यात मधोमध रुतून बसला होता. त्याच्या खालच्या भागात जे आधीपासून होतं तेवढंच बाहेर येत होतं, वरून काहीच उतरत नव्हतं. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, नुसता मान हलवून गेला. तेव्हापासून 'शी झाली ना, मग बरंय' हे वाक्य मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

आता तीन दिवस बाल्या ठणठणीत का होता ते बघा. कुत्र्याची अन्ननलिका चांगली ताणते, त्यामुळे हावरटपणात ते स्वतःच्या आतड्याला न झेपणारी वस्तूही सहज गिळतं. चौदा किलोच्या कुत्र्याचं छोटं आतडं आतून जेमतेम आपल्या बोटाएवढं रुंद असतं. जठराचं खालचं तोंडही अरुंद. कोय आधी जठरात पडून राहते, दगडासारखी. पचत तर नाहीच. बाजूनं अन्नपाणी खाली उतरत असतं, म्हणून कुत्रं खातं, पितं, शेपूट हलवतं. असे दोन दिवस जातात, कधी आठवडा जातो. मग एखाद्या दिवशी कोय आडवीची उभी होते, कडेनं आतड्यात शिरते आणि थोडं पुढे जाऊन अडते. तिथून खरा खेळ सुरू. अडलेल्या जागेच्या वर पाणी आणि वायू साठून आतडं फुगतं. कोयीच्या दाबानं तिथल्या भिंतीचं रक्त थांबतं. आतडं आधी जांभळं पडतं, मग काळं, मग त्याला भोक पडतं आणि आतली घाण पोटभर पसरते. त्यानंतर हातात फारसं काही उरत नाही. उलट्यांमधून पाणी आणि क्षार जातात ते वेगळंच. आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांत तर कुत्रं एका दिवसात वाळून जातं.

म्हणून मी चांगल्या दिवसांवर विश्वास ठेवू नका म्हणतो. कोय गिळल्याची वेळ कळली त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्रं हसत-खेळत असलं तरी. कोय जठरात असतानाच हाती लागली तर काम सोपं असतं. जठर उघडून शिवणं हे आतडं उघडून शिवण्यापेक्षा कमी जोखमीचं. पुण्या-मुंबईकडे काही ठिकाणी दुर्बीण घालून, पोट न फाडता जठरातली वस्तू काढतात. एकदा का ती आतड्यात उतरली की दुर्बीण तिथवर पोचत नाही.

मिठाच्या पाण्याबद्दल तुमच्या दिराला माझा निरोप द्या, रागावून नाही, पण ठासून. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. बाल्याच्या वजनाला ३०-४० ग्रॅम म्हणजे आमटीचे दोन भरलेले चमचे. पेलाभर पाण्यात तेवढं मीठ सहज विरघळतं. उलटी झाली नाही तर ते सगळं रक्तात जातं, मग थरथर, झटके. तुमच्या नशिबानं बाल्यानं बरंचसं ओकून टाकलं. शिवाय उलटी करवणं हा उपाय प्रत्येक वस्तूला लागूच पडत नाही. कोय परत वर येताना अन्ननलिकेत अडकली तर जठरातल्यापेक्षा वाईट. सुई, ब्लेड, टोकदार हाड आलं त्याच वाटेनं फाडत येतं. घड्याळातला बटण सेल असेल तर जिथे चिकटेल तिथलं मांस तासाभरात भाजतो. उलटी करवायचं इंजेक्शन डॉक्टरांकडे असतं. ते कधी द्यायचं आणि कधी नाही, हे वस्तू बघून आणि किती वेळ झाला ते ऐकून ठरतं.

तेल, तूप, एरंडेल यांचंही तसंच. ओकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तेल ओतलं की त्यातलं थोडं फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. एरंडेलानं आतडं जोर करतं, आणि पुढे वाट बंद असताना जोर केला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. केळी चारायचा सल्लाही आपल्याकडे हमखास मिळतो, घरात लोंगर टांगलेला असतोच. नका चारू. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. मेडिकलमधून माणसांची उलटी थांबवायची गोळी आणू नका. त्यातली काही औषधं आतड्याची हालचाल वाढवतात, बाकीची उलटी तेवढी दाबतात आणि आपल्याला वाटतं सुधारलं. दुखण्याची गोळी तर नकोच नको. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, किडनी जाते.

मग घरी करायचं काय? फारच थोडं. तोंडात अजून काही दिसतंय का बघा. खायला देणं थांबवा. घड्याळात वेळ बघून कागदावर लिहा: काय गिळलं, किती वाजता, पहिली उलटी कधी, शेवटची शी कधी. वजन माहीत असेल तर तेही. आणि हे विसरू नका, त्याच पाटीतली दुसरी तेवढीच कोय सोबत न्या. तुम्ही नेलीत, धुळ्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर आवर्जून सांगितलं. कारण कोय एक्स-रेवर धड उमटत नाही. हाड, दगड, धातू लख्ख दिसतो. कोय, कापड, रबर, प्लास्टिक बहुतेक वेळा दिसत नाही, दिसतात ती त्यामुळे फुगलेली आतडी. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊन परत येऊ नका, सोनोग्राफीचं विचारा. दुसरी कोय समोर असली की डॉक्टरांना काय शोधायचं ते कळतं.

निघायला रात्र किंवा पहाट बरी. पण कुत्रं सारखं ओकत असेल, पोट ताठ असेल, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरत असेल (पोटदुखीची खूण आहे ती, आळस नव्हे), हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर ऊन बघू नका. ओलं फडकं अंगावर टाका, गाडीच्या खिडक्या उघडा आणि चला. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. जवळ काहीच सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला विचारा. ते मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण कुठे न्यायचं ते तरी कळेल.

दोरी, सुतळी, साडीचा काठ, पोळ्याच्या बैलांचे गोंडे, केळीच्या घडावरची प्लास्टिकची पिशवी असलं काही गिळलं तर गोष्ट कोयीपेक्षा वाईट. पायजम्याची नाडी ओढली की नेफा कसा चुण्या पडून गोळा होतो? दोरीचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं आणि दुसरं आतड्यात पुढे गेलं की आतड्याचं तेच होतं. आणि नाडी आतून करवतीसारखी घासते. मागून शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. माझ्याकडे एकानं अर्धा हात सुतळी ओढून काढलेला कुत्रा आणला होता. पुढचं लिहीत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही, पण हे वाचणाऱ्या दहाजणांत एकाला तरी लागेल. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय. लोक म्हणतात, 'घशात हाड अडकलंय', आणि कुणीतरी धाडसी माणूस बाही सावरून तोंडात हात घालतो. हाड सापडत नाही, कारण हाड नसतंच. पिसाळण्याचा एक प्रकार असाच दिसतो: कुत्रं चावत सुटत नाही, गप्प बसतं, जबडा लुळा पडतो. ज्या कुत्र्याच्या लसीची खात्री नाही त्याच्या तोंडात हात घालायचा नाही, मग ते कितीही ओळखीचं असो. हात घालून बसलाच असाल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. हाड खरोखर अडकलेलं असलं तर कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतं, मान लांब करतं, पुन्हा पुन्हा घोट घेतं. आणि श्वास बंद पडून जीभ निळी पडत असेल तर तो प्रकारच निराळा. तिथे दवाखान्याची वाट बघायची नाही. मागचे पाय उचलून डोकं खाली करायचं, बरगड्यांच्या खाली दोन्ही हातांनी आत-वर झटके द्यायचे, दिसणारी वस्तूच तेवढी ओढायची, अंदाजानं बोटं खुपसायची नाहीत.

पैशांचं. तुमच्या घरच्यांचा प्रश्न मला वावगा वाटत नाही. ज्यांच्या घरात कापूस अजून विकायचा पडलाय त्यांना हजार रुपयेही हजारदा मोजून द्यावे लागतात. डॉक्टरांना आधीच विचारायचं: तपासणीचे किती, ऑपरेशनचे किती, पुढच्या पट्टीचे किती, आणि वाचण्याची आशा किती. यात लाजायचं काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथे खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. तिथे ऑपरेशनचा दिवस कोणता, हे फोनवर विचारून निघा. पण 'गावठी' हे कारण मला पटत नाही. गावठी कुत्र्याचं आतडं लॅब्रेडॉरपेक्षा स्वस्त नसतं. आणि हिशोबच करायचा तर असा करा: पहिल्या दिवशी गेलं तर कमी, पाचव्या दिवशी गेलं तर दुप्पट आणि खात्री अर्धी. वाट बघण्यात पैसे वाचत नाहीत.

चूक तुमची का? ताई, पाटी ओट्याखाली होती, कोय भाच्यानं दिली, ओरडली नणंद, मीठ पाजलं दिरानं, 'निंघी जाई' सासूबाई म्हणाल्या, आणि पाणी पाजून तीन दिवस बघितलं सगळ्यांनी. वाटून घ्या. उपयोगाचा भाग त्या ओरडण्यात आहे. कुत्र्याच्या तोंडात नको ती वस्तू दिसली की आपण ओरडतो, धावतो. त्याला वाटतं हिसकावून घेणार, आणि ते गिळून टाकतं. न ओरडता दुसरं काही पुढे करा, पोळीचा तुकडा, मटणाचा रस्सा लावलेली भाकर. तोंड उघडतं. भाच्याला एवढं शिकवा, तो शिकेल. पाटीवर मोठं झाकण घाला, कोया त्याच दिवशी उकिरड्यात खोल पुरा. नुसत्या टाकू नका, कुत्री उकरतात. आखाजीला, घागर भरायच्या दिवशी, घरात पन्नास माणसं असतात, तेव्हा बाल्याला परसात बांधायचं, रसाची पंगत उठेपर्यंत.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला फोटो पाठवला होता. स्टीलच्या ट्रेमध्ये कोय, काळपट, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी बुळबुळीत, आणि तिचे धागे अजून तसेच चिकटलेले. शेजारी अंदाजासाठी कात्री ठेवलेली. आतडं तिथे जांभळं होतं, पण कोय निघाल्यावर दहा मिनिटांत पुन्हा गुलाबी झालं म्हणे. म्हणून तुकडा कापावा लागला नाही, चीर देऊन काढली आणि शिवलं. आणखी एक दिवस थांबला असता तर ते गुलाबी झालं नसतं. सासूबाईंनी ती कोय मागून घेतली आणि परसात पुरली, हे तुम्ही काल फोनवर सांगितलंत. पुरू द्या. उगवली तर मला कळवा.

आज ऑपरेशनचा दुसरा दिवस. तिसरा ते पाचवा दिवस जपायचे, आतड्याचा टाका उसवला तर याच दिवसांत उसवतो. बाल्या पुन्हा ओकू लागला, खाणं सोडलं, पोट दुखून कण्हू लागला किंवा ताप आला (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१-१०२ फॅरनहाइट, १०३ च्या वर गेलं की ताप धरा), तर मला विचारत बसू नका, सरळ धुळ्याला फोन लावा. तोवर मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, हाडं काढून, मीठ-तिखट न घालता, मूठ मूठ करून दिवसातून पाच-सहा वेळा. पाणीही वाटी वाटीनं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर आठवडाभर नाही, तो मागेल तरी नाही. टाके चाटू देऊ नका. गळ्यातला प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा रात्री दया येऊन काढाल, तोही काढू नका. टाके दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. त्या दिवशी पहाटेची गाडी धरा, साडेनवाच्या आत परत घरी.